डबा कोणी आणून दिला

डोंबिवली पूर्व
११ ऑगस्ट २०२५

ती. शांताबाई आत्या यांस,
सविनय जयभीम.

मी सम्यक, मेघनाचा मुलगा. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी चार वर्षांचा होतो, म्हणून ओळख सांगून सुरुवात करतो. तुमचा पत्ता उपनिरीक्षक कृतिका मॅडमनी दिला. तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही मोबाइल ठेवत नाही, पण लिहिता-वाचता चांगलं येतं, असं त्या म्हणाल्या.

ठाण्यात जुन्या, न उलगडलेल्या खुनांच्या फायली पुन्हा तपासायला एक लहानसं पथक नेमलंय. त्यात आईची फाइल निघाली. गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही, असा शेरा मारून ती बंद केलेली होती. मॅडमनी मला बोलावून विचारलं, त्या दिवसाचं तुला काय आठवतं? मी म्हणालो, काही नाही. घरी परत येताना वाटत राहिलं की हे उत्तर बरोबर नव्हतं. काहीतरी आहे, पण त्याचं टोक हाताला लागत नाही.

वर्ष संपेपर्यंत नवं काही मिळालं नाही तर फाइल परत कपाटात जाईल. त्यानंतर ती कोणी उघडेल असं मॅडमना वाटत नाही.

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी राजरत्न मामाच्या घरात वाढलो. तुमच्या भावाने, जगन गमरे यांनी, माझ्या आईला वरवंट्याने मारलं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामा त्यांचं नाव घेत नाही. शाळेत पोरं मात्र ते नाव घ्यायची, खुन्याचा पोरगा म्हणायची, म्हणून मी दहावीला शाळा सोडली. मॅडम म्हणतात, तुमच्या भावाला काही महिने आत ठेवलं, पण पुरावा मिळाला नाही. पुरावा न मिळणं वेगळं आणि न केलेलं असणं वेगळं. यातलं कुठलं खरं, एवढंच मला हवंय.

त्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या घरी आला होता, असं फायलीत आहे. काय पाहिलंत ते लिहा. तुम्ही बहीण आहात, भावाची बाजू घ्याल, हे धरूनच मी वाचेन.

उत्तर घरी पाठवू नका. मामाला कळलं तर वाईट वाटेल. मी लग्नपत्रिकांच्या दुकानात प्रुफं तपासतो, तिथला पत्ता खाली देतोय. आमचे शेठ गुरुदत्त दुसऱ्याचं पाकीट फोडत नाहीत.

आपला,
सम्यक


कोलशेत
२० ऑगस्ट

चि. सम्यक,
जयभीम.

आत्याला कसलं तुम्ही-आम्ही करतोस? तुझे लंगोट धुतलेत मी. अक्षर चांगलंय तुझं. आईसारखं गोल काढतोस.

माझे कान कंपनीतल्या मशिनींनी खाल्ले, पण डोकं शाबूत आहे. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. तेव्हा मी कळव्याला तुमच्याच चाळीत राहायची, चार खोल्या सोडून. तुझा बालवाडीचा पहिला दिवस होता. आदल्या संध्याकाळी मी बाजारातून तुला स्टीलचा डबा आणला आणि त्यावर नाव घालून घेतलं, चि. सम्यक. नावाशेजारी पिंपळाचं पान काढ म्हटलं, तर त्या मशीनवाल्यानं पान उलटं काढलं. देठ वर, टोक खाली. मी भांडले. तो म्हणाला, मावशी, घासून काढतो, पण डाग राहील. घरी आणला तर तुझी आई हसायला लागली. म्हणाली, राहू द्या ताई, झाडावरचं पान कुठे सरळ असतं?

सकाळी शिफ्टला जाता जाता मी डोकावले. तुला सोडून ती परत आलेली आणि डबा ओट्यावरच. तूप-साखर लावून पोळीची गुंडाळी भरून ठेवलेली, आणि न्यायची विसरली. पहिल्या दिवसाची गडबड. म्हणाली, भात उतरला की देऊन येते, विहार काय लांब आहे? बालवाडी बुद्धविहारातच भरायची. मी निघाले. तेच तिचं शेवटचं बोलणं.

रात्री पोलीस घरात होते तेव्हा माझं ओट्याकडे लक्ष गेलं. डबा नाही. मांडणीवर नाही, मोरीत नाही. मी हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, गळ्यातलं सोडून चोर पोराचा डबा नेईल?" दुसरा हसला. तिचं रक्त अजून फरशीवर होतं, तिथे उभे राहून हसले.

मी आजपण तेच म्हणते. कोणी गर्दुल्ला शिरला असेल. ते तेव्हा भांडी विकून पुडी घ्यायचे. ती आडवी आली असेल. डबा शोधला असता तर माणूस सापडला असता.

जगनचं मला विचारू नकोस. त्याचं जे व्हायचं ते झालं. आणि इकडे यायची घाई करू नकोस. जागा लहान आहे.

तुझी,
शांता आत्या


डोंबिवली
२९ ऑगस्ट

ती. आत्यांस,
सविनय जयभीम.

डबा माझ्याकडे आहे.

तो आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. शाळेत नेला, आता दुकानात आणतो. शीला मामी रोज सकाळी भरते. "चि. सम्यक", शेजारी पिंपळपान, देठ वर. मला वाटायचं पान असंच काढतात. सातवीत सगळ्यांकडे रंगीत प्लॅस्टिकचे डबे होते म्हणून मी हट्ट केला होता. तेव्हा मामा म्हणाला होता, चांगला स्टीलचा डबा कोण टाकतं का?

तुमचं पत्र आल्यापासून ते टोक हाताला लागलंय. निळा रंग दिलेली भिंत. खाली चटई. मी रडतोय आणि कोणीतरी मला मांडीवर घेऊन भरवतंय. चेहरा दिसत नाही. हात दिसतो, पुरुषाचा. बाही ओली आहे, ती माझ्या हनुवटीला लागते आणि गार वाटतं. पोळीला साबणाचा वास आहे, धुण्याच्या साबणाचा. मला अजून गोड पोळी खाववत नाही. मामी म्हणते तुझी जीभ उलटी आहे.

म्हणजे डबा चोरीला गेलेला नाही. कोणीतरी तो ओट्यावरून उचलून विहारात आणला आणि मला भरवलं. आईने आणला असता तर हात बाईचा असता. जो माणूस घेऊन आला तो त्या सकाळी आमच्या घरात होता, आणि त्याने साबण लावून हात धुतले होते.

लहान पोराला कोण भरवतं? त्याचा बाप. तुमच्या भावाने आधी ते केलं, मग हात धुतले आणि त्याच हाताने मला घास दिला. पोलिसांना पुरावा मिळाला नाही कारण पुरावा माझ्या दप्तरात होता. तुम्हाला हे वाचून दुःख होईल, पण तुम्हीच मला इथवर आणलंत. मी सोमवारी मॅडमकडे जाणार आहे.

आपला,
सम्यक


कोलशेत
४ सप्टेंबर

सम्यक,

सोमवार गेला. गेलास की नाही माहीत नाही. नसशील गेला तर थांब.

लहान पोराला बापच भरवतो हे तुला कोणी शिकवलं? जगन तुला भरवायचा नाही. त्याला जमायचं नाही, तू त्याच्या हातचं थुंकायचास. तो रात्रपाळीचा वॉचमन. त्या दिवशी त्याच्या बदलीचा माणूस आला नाही म्हणून दुपार उलटेपर्यंत इथे कोलशेतला गेटवर अडकलेला. मीच त्याला गेटवर चहा-पाव नेऊन दिला, माझी कंपनी शेजारीच होती. पोलिसांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, बहीण आहे, ती असंच सांगणार. तूसुद्धा पहिल्या पत्रात तेच लिहिलंस. तो घरी पोचला तेव्हा ती पडलेली. त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं, शर्ट रक्ताने भरला. झालं, शर्ट मिळाला, पोलिसांना आणखी काय पाहिजे?

तुझ्या आठवणीत हात आहे, चेहरा नाही. मग चेहरा मनाने कशाला लावतोस? विहारात पोरं सांभाळायला गोदूबाई होती. तिथल्या गावातली आगरी बाई. ती अजून कळव्यातच आहे. तिचा मुलगा काळुराम सुकी मासळी विकतो. जाऊन विचार. माझी चूक एवढीच की डबा चोराकडे आहे असं धरून बसले, विहारात जाऊन विचारावं हे सुचलंच नाही.

जगनला आता बोलता येत नाही, नाहीतर त्यानंच तुला सांगितलं असतं.

आत्या


डोंबिवली
१२ ऑक्टोबर

ती. आत्यांस,
जयभीम.

पत्राला फार उशीर झाला. तीनदा लिहून फाडलं. खाडाखोड असलेलं पाठवायची मला सवय नाही, पण आज जसं होईल तसं पाठवतो.

त्या सोमवारी मी मॅडमकडे गेलो नव्हतो. पायरीवरून परत आलो. तुमचं पत्र मिळाल्यावर कळव्याला गेलो. काळुरामच्या दुकानामागे गोदूबाई सोडे निवडत बसली होती. मी नाव सांगितलं. तिने मान वर करून पाहिलं.

"मेघनाचा तू? नाक तिचंच हाय रं."

मी पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला. उलट्या पानावर तिने अंगठा फिरवला. "यो डबा मना ठाव हाय. पयल्या दिशी तू रडून रडून उलटी केलीस. डबा आला तवा गप झालास."

"कोणी आणला होता?"

"तुजा मामा. दुसरा कोन?"

मी म्हणालो, वडील असतील, नीट आठवून सांगा. ती चिडली. "तुज्या बापाला मी वलखत नाय व्हय? रोज खाकी कपड्यात जायाचा. यो मामा, डोंबिवलीचा. बाह्या ओल्या गच्च. मी म्हनलं, भर उनाचा भिजलास कुठं? तो म्हनला, नळाखाली हात धुतलं. तुला मांडीव घेतलं आन भरवलं. तुज्या तोंडातला घास चटईव पडला, तो बी त्यानं उचलून खाल्ला. संध्याकाळी तुज्या चाळीत पोलीस, म्हनून मी तुला माज्या घरी ठेवला. न्यायाला बी तोच आलता."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"मना कोनी इचारलं?" मग सोडे निवडत म्हणाली, "आन सांगायचं तरी काय? मामानं भाच्याला भरवलं, ह्यात सांगन्यासारखं काय हाय?"

आत्या, मामा आजवर सांगत आलाय की त्या दिवशी तो डोंबिवलीत स्वतःच्या वर्कशॉपमध्ये होता, ग्रिल जोडत होता आणि संध्याकाळी फोन आल्यावर कळव्याला गेला. फायलीतही तेच आहे. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं. तेव्हा मी मान हलवली होती.

मी मामाला विचारलं. विचारायला नको होतं, पण त्याला न विचारता मॅडमकडे जाणं मला चोरासारखं वाटलं. रविवारी दुपारी जेवत होतो. तो मटणाची वाटी माझ्याकडे सरकवत होता.

"मामा, मी बालवाडीत असताना तू कधी डबा घेऊन आलेलास?"

"बालवाडीत? मी इकडे, तू कळव्याला. मी कसा येणार?"

"पहिल्या दिवशी. तूप-साखरेची पोळी होती."

शीला मामी हसली. "चार वर्षांचा होतास रे. एवढं कुठून आठवायला लागलं तुला?"

मामा हसला नाही. अर्ध्या ताटावरून उठला, मोरीत गेला, हात धुवायला लागला. नळ कितीतरी वेळ वाहत होता. मामीने दोनदा हाक मारली. तो बाहेर आला तेव्हा बाह्या ओल्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जेव सम्या. गार होतंय."

त्यानंतरही डबा रोज भरून मिळतो.

या माणसाने मला टायफॉइड झाला तेव्हा खांद्यावरून दवाखान्यात नेलंय. दहावीला शाळा सोडली तेव्हा एक शब्द बोलला नाही. स्वतःचं मूल होऊ दिलं नाही, मामी एकदा रागात म्हणाली होती, तुझ्यामुळे. मी मॅडमना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो जन्मभर आत जाईल. नाही सांगितलं तर डिसेंबरात फाइल कपाटात जाईल आणि खुनी म्हणून तुमच्या भावाचं नाव राहील. मी काय करू ते सांगा.

आणि तुम्ही लिहिलंत, त्यांना आता बोलता येत नाही. ते हयात नाहीत असं मला मामाने लहानपणापासून सांगितलेलं होतं. म्हणजे ते आहेत का?

सम्यक


कोलशेत
१८ ऑक्टोबर

चि. सम्यक,

आहे. इथेच आहे, पडद्यापलीकडे खाटेवर. दोन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं, वाचा गेली. पातळ पेज चमच्याने भरवते. डॉक्टर फार आशा देत नाही. बोलता यायचं तेव्हाच त्यानं मला बजावलेलं, पोरगं तिकडे सुखात आहे, त्याला माझी सावली नको. म्हणून तुला येऊ नको म्हटलं.

तुझी पत्रं मी त्याच्यासमोर धरते. तो स्वतः वाचतो. "आधी ते केलं, मग हात धुतले", तेही वाचलं. ते पत्र डाव्या हातात धरून ठेवलं, दोन दिवस देईना. हे तुला टोचायला लिहीत नाही. तू मागितलंस तेवढं खरं देतेय.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नव्हती, कारण तू त्याच्या घरचं जेवतोस. वर्तकनगरला तुझ्या आजोबांची खोली होती. ती वसाहत पाडून टॉवर उठायचा होता. राजरत्नला खोली एकट्याच्या नावावर हवी होती, हक्कसोडीवर तुझ्या आईची सही पाहिजे होती. त्या सकाळी ती मला म्हणालेली, दादा येणारे सही घ्यायला, मी देणार नाही, माझ्या पोराचं काहीतरी राहू दे. तुम्ही आज राहता ते घर त्या खोलीतून आलंय.

पोलिसांना मी हेही सांगितलेलं. राजरत्न म्हणाला, जाणार होतो पण गेलोच नाही. वर्कशॉपच्या पोरांनी हो म्हटलं. मग मीपण मानलं. का मानलं सांगू? मी सगळ्या दुनियेला ओरडून सांगत होते की माझा भाऊ असलं करणार नाही. त्याच तोंडाने दुसरीच्या भावावर कसं बोट ठेवणार? तो तिच्या प्रेताजवळ लहान पोरासारखा रडत होता. बहिणीला भाऊ मारेल हे माझ्या मनात शिरलंच नाही.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. माझा भाऊ खाटेवर आहे, मी न्याय कसा सांगू? जगनला विचारलं. त्यानं डावा हात हलवला. जा म्हणाला की जाऊ दे म्हणाला, मला कळलं नाही.

आत्या


डोंबिवली
१६ नोव्हेंबर

ती. आत्यांस,
जयभीम.

मी जबाब दिला.

मंगळवारी सकाळी मामीने डबा भरला, मी दुकानात जायला निघालो आणि ठाण्याला गेलो. कृतिका मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग कागद पुढे ओढून पूर्ण नाव विचारलं. मामाने माझं शाळेतलं नाव बदलून स्वतःचं लावलंय, सम्यक राजरत्न तांबे. आधार कार्डावरही तेच आहे. मी सम्यक जगन गमरे असं सांगितलं. त्यांनी कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही नावं लिहिली.

मग म्हणाल्या, डबा जमा करावा लागेल. मी टेबलावर ठेवला. त्यांनी उघडला तर आत दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी.

"हे मोकळं करायला लागेल," हवालदार म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "आधी जेवून घे."

मला तिथे बसून ते खावं लागलं. मी डबा बाहेरच्या नळावर धुऊन आणला, पुसून दिला. त्यांनी तो कापडात शिवला, गाठीवर लाख लावली. लाखेचा वास अजून नाकात आहे.

गोदूबाईचा जबाब झाला. ती मॅडमना म्हणाली, मी ठाण्याला येनार नाय, तुमी या. मॅडम गेल्या. काळुरामने त्यांना चहा पाजला. मामाच्या वर्कशॉपमधल्या तेव्हाच्या कामगारांपैकी एक जण सापडला, आता तो कल्याणला असतो. तो म्हणाला, शेठ त्या दिवशी दुपारी आले होते, पण आम्ही सकाळपासून होते असं सांगितलं, कारण त्यांची बहीण मेली होती आणि पोलीस त्यांना उगाच त्रास देत होते असं वाटलं.

शुक्रवारी मामाला घरून नेलं. मी होतो. त्याने विरोध केला नाही. चपला घालताना त्याला पट्टा लावता येईना, मी वाकलो आणि लावून दिला. तेव्हा तो म्हणाला, "गोदूबाई अजून आहे का?" मी हो म्हणालो. "चांगली बाई," एवढंच बोलला.

पोलीस गेल्यावर मामीने माझे कपडे पिशवीत भरून दारात ठेवले. ओरडली नाही. म्हणाली, "तो डबा मी रोज घासला रे. मला तर कोणी सांगायचं." मी पिशवी उचलली आणि तिने दार लावलं. सध्या दुकानात झोपतो. गुरुदत्त शेठनी किल्ली दिली, कारण विचारलं नाही, पेपरात आलं होतं.

मी बरोबर केलं असं मला वाटत नाही. चूक केली असंही वाटत नाही. प्रुफात चूक सापडली की खूण करून सोडून देता येते. इथे तसं सोडून देता येत नाही.

तुमच्या घरी येण्याचं धैर्य अजून झालेलं नाही. मी त्यांना काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे.

सम्यक


कारागृह, कल्याण
१४ डिसेंबर

चि. सम्या,
जयभीम.

वकील म्हणाला पत्रात काही लिहू नका. पण तू प्रत्येक गोष्ट नीट समजून घेतोस, अर्धवट राहिलं की तुला झोप लागत नाही, म्हणून लिहितो.

मेघाने मी गेल्या गेल्या डबा माझ्या हातात ठेवला होता. म्हणाली, दादा, जाताना विहारात देऊन जा, पोरगं उपाशी बसलं असेल. सहीचं बोलणं त्यानंतर निघालं.

बाहेर आलो तेव्हा डबा माझ्या पिशवीतच होता. खाडी जवळ होती, टाकता आला असता. पण तिने सांगितलं होतं.

दुकानात फरशीवर झोपतोस असं शीला म्हणाली. खाली काहीतरी जाड घाल, तुझी छाती लगेच भरते. जेवण वेळेवर कर.

तुझा मामा


डोंबिवली
५ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,
जयभीम.

मामाचं पत्र मी मॅडमना दिलं. देण्याआधी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं नाही. त्याला उत्तर लिहिलेलं नाही. फरशीवर गोणपाट घातलंय, ते त्याने सांगितलं म्हणून की थंडी वाढली म्हणून, मला ठरवता येत नाही.

सहीचं निघायच्या आधी आई शेवटचं माझ्या जेवणाचंच बोलली, हे मला त्याच्याकडून कळलं. दुसऱ्या कोणाकडून कळणं शक्यच नव्हतं.

मॅडमनी सांगितलं की आरोपपत्रात बाबांचं नाव आता फक्त मयताचा पती म्हणून येईल. एवढंच, दुसरं काही नाही. मी ती ओळ वाचायला मागितली. शुद्धलेखन बरोबर आहे. त्याची प्रत मिळाली की घेऊन येतो. तू ती त्यांच्यासमोर धर. मी धरली तर ते माझ्याकडे बघतील आणि वाचायचं राहून जाईल.

डबा खटला संपेपर्यंत मिळणार नाही. तू नवीन घेऊ नकोस.

मी या रविवारी येतोय. जागा लहान असू दे, मी दारात बसेन. एकच मागणं आहे. त्या दिवशी पेज मी भरवीन. मला जन्मात कोणी भरवलेलं आठवतं ते एकदाच, त्यामुळे घास कसा द्यायचा ते मी त्या एकाच हाताकडून शिकलोय. माझा हात थांबला तर तू घाई करू नकोस, चमचा माझ्या हातातून घेऊ नकोस. बाबांनी तोंड फिरवलं तरी चालेल. मी परत विचारेन.

आणि मोरीतला साबण त्या दिवशी बाजूला ठेव. मी हात नुसत्या पाण्याने धुईन.

तुझा,
सम्यक